जुनी होडी आणि नकाराचा हक्क



वसंत व्याख्यानमालेच्या ह्या व्यासपीठावरून आपण दरवर्षी इतिहास, अर्थकारण, वाङ्मय, तत्त्वज्ञान अशा विषयांवर व्यासंगी वक्त्यांची भाषणे ऐकता. मी शाळेच्या बाकावर फार दिवस बसलेला मनुष्य नव्हे. जे थोडेफार शिकलो ते कामगार संघटनेच्या कचेरीत, सार्वजनिक वाचनालयात आणि गेली काही वर्षे एका जुन्या लाकडी होडीवर. चालकांनी मला बोलावले तेव्हा मी कामगार कायद्यांवर बोलेन असे त्यांना वाटले असावे. मी विषय कळवला तो असा : लहान, जुन्या होडीची देखभाल आणि तिच्यातून किनाऱ्याकिनाऱ्याने करावयाचा प्रवास. चालकांनी हरकत घेतली नाही, ह्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

विषय कामगार चळवळीपासून दूरचा वाटेल. तो तितका दूरचा नाही, हे पुढे आपल्या ध्यानात येईल. मला मुख्यतः एकच गोष्ट सांगावयाची आहे. समुद्रावरचे पुष्कळसे अपघात किनाऱ्यावरच ठरून गेलेले असतात. कुजलेली फळी पाहिली नाही, भरतीचा हिशेब केला नाही, आणि कोणी 'आज नको' म्हणाला त्याचे ऐकले नाही. ह्या तिन्ही गोष्टी होडी पाण्यात लोटण्यापूर्वीच्या आहेत. समुद्र फक्त त्यांची वसुली करतो.

प्रथम एक शंका दूर करतो. कामगाराला होडी कशाला, असे मला पुष्कळांनी विचारले. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली ती १८९० साली, आणि त्यामागे नारायण मेघाजी लोखंडे ह्यांची खटपट होती. त्या सुटीत कामगाराने केवळ झोप काढावी, असे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही. आमची होडी सहाजणांनी वर्गणी काढून घेतलेली आहे. लांबी २५ फूट, फळ्या सागाच्या, मूळची मासेमारीची. एक शीड, एक लहान डिझेल इंजिन, आणि चार माणसांना आडवे होता येईल एवढे छप्पर. नव्या फायबरच्या होडीला जेवढे पैसे लागतात त्याच्या अल्पांशाने ती मिळाली. बाकीची किंमत आम्ही दर वर्षी श्रमाने चुकवतो.

ह्या किंमतीचाच हिशेब आधी सांगतो.

लाकडी होडीचे तीन शत्रू आहेत. पहिला शत्रू पाऊस. होडी समुद्राच्या पाण्याने कुजते असा आपला समज असतो. वस्तुस्थिती उलट आहे. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला गोडे पाणी आणि कोंडलेली हवा लागते. मिठाच्या पाण्यात ती सहसा माजत नाही. लोणच्याला मीठ जे काम करते तेच येथेही करते. म्हणून जुन्या होडीची कूज बहुधा वरच्या अंगाला सुरू होते. जेथे छपराच्या सांध्यातून पावसाचे पाणी झिरपते, जेथे फासळीच्या माथ्यावर ते साचून राहते, जेथे वारा पोचत नाही, अशा जागी. वरून रंग चकचकीत असतो आणि आत लाकडाचा भुसा झालेला असतो. तेव्हा पहिला उपाय रंग नव्हे, वारा. फळ्या, झाकणे उघडी टाकून होडीच्या पोटातून वारा खेळवला पाहिजे.

दुसरा शत्रू खालून येतो. तो म्हणजे लाकूड पोखरणारा समुद्री किडा. शास्त्रज्ञ त्याला टेरेडो म्हणतात. दिसतो अळीसारखा, पण तो किडाही नव्हे आणि अळीही नव्हे. तो तिसऱ्या-कालवांच्या जातीचा, शिंपल्यातला प्राणी आहे. टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून तो लहानपणी आत शिरतो आणि आतच वाढतो. बाहेरून भोक दिसेल न दिसेल एवढे. आत फळीची चाळण. ह्याला गोडे पाणी सोसत नाही. म्हणून होडी काही दिवस खाडीच्या वरच्या अंगाला, गोड्या पाण्यात नेऊन ठेवण्याची वहिवाट अनेक देशांत होती. म्हणजे गंमत पाहा, वरच्या लाकडाला गोडे पाणी मारते आणि खालच्या लाकडाला तेच तारते. एकच औषध सगळ्या रोगांवर चालत नाही, हे होडी फार लवकर शिकवते.

तिसरा शत्रू लोखंड. जुन्या होडीतला लोखंडी खिळा गंजतो, फुगतो, आणि आपल्याभोवतीचे लाकूडही काळे व मऊ करतो. फळीवर गंजाचा ओघळ दिसला म्हणजे समजावे की आतल्या खिळ्याने तक्रार केली आहे. त्या ओघळावर रंग मारणे म्हणजे तक्रारअर्ज फाडून टाकणे. इंजिनाचा पंखा पितळी किंवा काशाचा आणि शेजारी लोखंड असले, तर खाऱ्या पाण्यात दोन धातूंमध्ये विजेचा सूक्ष्म प्रवाह वाहतो आणि हलका धातू झिजत जातो. त्यासाठी जवळ जस्ताचा तुकडा बसवतात. झीज व्हायची ती जस्ताची होते. तो तुकडा अर्ध्यावर आला की बदलावा.

हे तपासायचे कसे? हत्यारे दोनच लागतात, एक लहान हातोडी आणि एक अणकुचीदार टोचा. हातोडी फळीवर हलके मारीत जावे. चांगले लाकूड खणखणीत बोलते. कुजलेले लाकूड मुके होते. जेथे आवाज बसका आला तेथे टोचा लावावा. तो सहज आत गेला तर खडूने खूण करावी. हे काम इंच इंच करावे लागते, आणि ते होडीच्या प्रेमात पडलेल्या माणसाने एकट्याने करू नये. प्रेमात पडलेल्याला बसका आवाज ऐकू येत नाही. आम्ही तपासणीला नेहमी दोघे बसतो. एक ठोकतो, दुसरा पाठ करून ऐकतो आणि लिहितो.

आता वर्षाचा क्रम. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात लहान होडीने समुद्रावर जाऊ नये, हे कोळी, गाबीत, खारवी, दालदी ह्या सर्व दर्यावर्दी समाजांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. यांत्रिक मासेमारीलाही १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत कायद्याने बंदी आहे. आम्ही मे महिन्याच्या मध्यापूर्वीच होडी वर ओढतो. उधाणाच्या भरतीला ती जितकी वर नेता येईल तितकी न्यायची, खाली ओंडके द्यायचे, आणि नारळाच्या झापांनी शाकारून टाकायची. मेणकापड घट्ट गुंडाळले तर आत घाम धरतो व बुरशीचे फावते. झाप पाणी अडवतात आणि वारा जाऊ देतात.

श्रावणात पावसाची झड कमी झाली की दुरुस्ती सुरू. दोन फळ्यांमधल्या सांध्यातला जुना कापूस उकरून काढायचा, सांधा कोरडा करायचा, नव्या कापसाची वात लाकडी हातोड्याने बसवायची, आणि वरून चुना व तेल ह्यांचा लगदा भरायचा. येथे नवशिक्याचा हात नेहमी जास्त चालतो. त्याला वाटते, जितके ठोकू तितके पाणी अडेल. परंतु होडी पाण्यात गेली की लाकूड फुगते. कापूस फार ठासलेला असला तर फुगणाऱ्या फळीला जागा राहत नाही, आणि ती आपले खिळे उपटते. सांध्यात थोडी ढील हवी. कारखान्यातही ज्या वेळापत्रकात श्वास घ्यायला जागा नसते ते पहिल्याच आठवड्यात फुटते, हा माझा अनुभव आहे.

आतून लाकडाला माशाचे तेल किंवा काजूच्या टरफलांचे तेल देतात. काजूचे तेल लाकडाला उत्तम, पण कातडीला वैरी, हात भाजतात. हातमोजे घालावेत आणि पोरांना जवळ येऊ देऊ नये. नारळी पौर्णिमेनंतर दर्या निवळू लागतो, तेव्हा होडी पाण्यात सोडतो. सुकलेली होडी पहिले एकदोन दिवस पाणी पिते. त्याने घाबरू नये. फळ्या फुगल्या की सांधे मिटतात. पण किती पाणी उपसले ते बादल्यांनी मोजावे. पहिल्या दिवशी ४० बादल्या, दुसऱ्या दिवशी १५, तिसऱ्या दिवशी ४, असा उतार असेल तर ठीक. आकडा एका जागी अडला तर होडी पुन्हा वर घ्यावी, मुहूर्त कितीही चांगला असो.

इंजिनाबद्दल दोनच शब्द. लहान डिझेल इंजिन दणकट असते. ते बंद पडते ते बहुधा तेलात पाणी किंवा गाळ गेल्याने. टाकी अर्धी रिकामी ठेवली की हवेतल्या दमटपणाचे थेंब आत धरतात आणि तळाशी बसतात. शांत खाडीत त्यांचा उपद्रव होत नाही. समुद्रावर होडी हेलकावू लागली की तळचा गाळ ढवळतो आणि नळीत जातो. म्हणजे इंजिन नेमके हवे असते तेव्हाच थांबते. ह्यात दैवाचा काही हात नाही. टाकी भरलेली ठेवा, गाळणी बदला. आणि होडीच्या तळात पाण्याच्या नळीसाठी जेवढी भोके असतील तेवढ्या लाकडी खुंट्या तासून प्रत्येक भोकाशेजारी दोरीने बांधून ठेवा. नळी फुटल्यावर अंधारात खुंटी शोधायला वेळ नसतो.

ह्या सगळ्याची आम्ही एक वही ठेवतो. डाव्या पानावर काय दिसले ते, उजव्या पानावर काय केले ते, दोन्हीखाली सही. डावे पान भरलेले आणि उजवे कोरे, असे जेथे असेल ते आमचे कर्ज. तीन कर्जे थकली तर होडी खाडीबाहेर न्यायची नाही, असा ठराव आहे. पुष्कळ जुन्या होड्या म्हातारपणाने जात नाहीत. पुढच्या रविवारी पाहू, ह्या तीन शब्दांनी जातात.

आता प्रवासाकडे वळू. मुंबईहून मालवणपर्यंतचा किनारा हे माझे उदाहरण.

हा किनारा जवळजवळ सरळ उत्तर-दक्षिण आहे, ह्याचा एक मोठा फायदा मिळतो. पृथ्वीवर अक्षांशाच्या एका अंशाचे ६० भाग केले तर एक भाग म्हणजे एक सागरी मैल, १८५२ मीटर. तेव्हा दोन बंदरांच्या अक्षांशांची वजाबाकी केली की त्यांतले अंतर सागरी मैलांत जवळजवळ मिळतेच. मुंबई १८ अंश ५५ मिनिटांवर, मालवण १६ अंश ३ मिनिटांवर. वजाबाकी २ अंश ५२ मिनिटे, म्हणजे सुमारे १७२ सागरी मैल. आमची होडी तासाला ४ मैल धरून चालते. वाटेत वळणे आली तर थोडी भर घालावी. दिवसाला २० ते २५ मैलांहून अधिक आम्ही ठरवत नाही. अंधार पडण्यापूर्वी नांगर टाकलेला असावा आणि हाताशी दोन तास शिल्लक असावेत, एवढ्यासाठी. अलिबाग, राजपुरीची खाडी, बाणकोट, हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण अशी ही माळ आहे. त्यांत जयगड आणि विजयदुर्ग येथे आत शिरल्यावर आसरा चांगला. बाणकोट आणि दाभोळ ह्या नदीमुखांवर वाळूचे दांडे आहेत. मालवणला किल्ल्याच्या आसपास खडक विखुरलेले आहेत. तेथे नकाशा आणि माहितगार दोन्ही हवेत.

दांडा ओलांडण्यासाठी भरतीची वेळ लागते. ती काढण्याची आपल्याकडची रीत पंचांगातली आहे, आणि ती पुस्तकी विद्वानांपेक्षा किनाऱ्यावरच्या माणसांना जास्त ठाऊक असते. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास येतो. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती. शुक्ल पक्ष असो वा वद्य, हिशेब तोच. असे का होते? चंद्राची एक फेरी ३० तिथींची, आणि तेवढ्या काळात भरतीची वेळ २४ तास सरकते. म्हणजे तिथीमागे ४८ मिनिटे, बरोबर दोन घटका. पाऊणपट ही त्याची तोंडी सोय. पक्षाच्या अखेरीस तीत अर्धापाऊण तासाची तूट पडते. हा अंदाज मुंबईचा आहे. दक्षिणेकडे भरती काहीशी आधी येते. सर्वेक्षण खात्याची भरतीची कोष्टके मिळतात, ती सोबत असावीत. पण कोष्टक भिजले तरी तिथी भिजत नाही.

मुंबईत मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीतला फरक साडेचार मीटरांच्या आसपास जातो. मालवणकडे तो त्याच्या निम्म्यावर येतो. आणि पाणी सारख्या वेगाने चढत नाही. सहा तासांच्या चढणीचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात पुन्हा एक, असे ते चढते. मधल्या दोन तासांत अर्धे काम होते. दांड्यावर पुरेसे पाणी केव्हा येईल हे ह्यावरून सांगता येते.

एक उदाहरण घेऊ. राजपुरीच्या खाडीतून बाणकोटला जायचे आहे. अंतर सुमारे २० मैल, म्हणजे पाच तास. दिवस चतुर्दशीचा. चौदाची पाऊणपट साडेदहा. खरी भरती साडेदहा-अकराच्या आसपास धरू. नदीमुखाशी आपण चढत्या पाण्याच्या शेवटच्या दोन तासांत, म्हणजे नऊ ते साडेदहाच्या दरम्यान पोचले पाहिजे. तेव्हा पहाटे साडेचारला नांगर उचलावा लागेल. त्या वेळी थंडीच्या दिवसांत जमिनीवरून मतलई वाहते. ती आपल्याला बाजूने मदत करते. उलट कोणी आरामात उठून नऊला निघाला, तर तो दुपारी दोनला ओहोटीत तेथे पोचेल. नदीचे पाणी बाहेर धावत असते, समुद्रावरचा खारा वारा आत ढकलत असतो, आणि दोहोंची टक्कर त्या दांड्यावर होऊन लाट फुटते. होडी तीच, माणसे तीच, जागा तीच. फरक उठण्याच्या वेळेचा. म्हणून प्रवासाचा हिशेब निघण्यापासून पुढे करू नये; पोचण्यापासून मागे करावा.

हाच नियम सबंध सफरीला लागू आहे. ऑक्टोबर ते मे ह्या मोसमात आपल्या किनाऱ्यावर दुपारचा वारा बहुतेक वायव्येकडून असतो, आणि मार्च-एप्रिलपासून त्याचा जोर वाढत जातो. दक्षिणेला जाताना तो पाठीशी असतो. शीड भरते, होडी पळते, मालवण जवळ वाटते. परत येताना तोच वारा तोंडावर. चार दिवसांची वाट आठ दिवसांची होते. जाणे सोपे आणि येणे कठीण, अशा प्रत्येक व्यवहारात माणूस फसतो. सावकाराकडून कर्ज काढणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. आम्ही आधी परतीचे दिवस मोजतो, त्यांना अन्न, पाणी, तेल आणि रजा लावतो, आणि जे उरेल तेवढेच पुढे जातो. रजा संपत आली म्हणून वादळी वाऱ्यात निघालेली होडी ही वाऱ्याने बुडाली असे म्हणू नये. ती हजेरीपटाने बुडाली.

कागदपत्रे जवळ असावीत. २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईवर समुद्रमार्गे येऊन हल्ला झाला. तेव्हापासून किनाऱ्यावर चौकशी होते आणि ती व्हावीच. किनाऱ्यावरच्या एका जबाबदार माणसाकडे कागद द्यावा : कोण कोण आहोत, कोणत्या दिवशी कोठे असू, किती वाजेपर्यंत खबर आली नाही तर कोणाला कळवावे. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक त्यावर लिहावा. तरंगण्याची जाकिटे माणशी एक, आणि ती अंगावर; फळीखाली बांधून ठेवलेले जाकीट बुडणाऱ्याच्या कामाचे नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा विषय निवडला तिच्याकडे येतो.

एवढी तयारी झाली, पहाट झाली, नांगर उचलायचा आहे, आणि एकजण म्हणाला, 'आज नको.' मग काय करायचे?

एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये ह्याचे उत्तर होते तुरुंग. तेथे जुनी, कुजलेली, वाजवीपेक्षा जास्त माल लादलेली जहाजे समुद्रावर धाडीत. जहाज बुडाले तरी मालकाला विम्याचे पैसे मिळत. खलाशांनी त्यांना शवपेटीची जहाजे असे नाव दिले होते. करार केलेल्या खलाशाने अशा जहाजावर चढायला नकार दिला तर तो गुन्हा ठरे, आणि अनेक खलाशी त्यासाठी तुरुंगात गेले. सॅम्युएल प्लिमसॉल ह्या पार्लमेंटच्या सभासदाने १८७३ साली ह्यावर पुस्तक लिहून रान उठवले. १८७६ साली कायदा झाला आणि जहाजाच्या अंगावर भाराची रेघ काढणे सक्तीचे झाले. पण ती रेघ कोठे काढायची हे मालकाच्याच मर्जीवर राहिले. ती जागा कायद्याने ठरवायला १८९० साल उजाडावे लागले. मित्रहो, कामगार कायद्यांचा इतिहास वाचणाराला ह्यात नवल वाटणार नाही. आधी रेघ मिळते, आणि रेघ योग्य जागी येण्यासाठी आणखी चौदा वर्षे झगडावे लागते.

आपल्याकडे १९४७ च्या १७ जुलैला, स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता तेव्हा, मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट भर पावसाळ्यात बुडाली आणि सहाशेंवर माणसे गेली. रायगडच्या किनाऱ्यावर अजून तिची आठवण काढतात. आणि ही काही जुन्या काळचीच गोष्ट नाही. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ आले. वेधशाळेने काही दिवस आधीपासून इशारे दिलेले होते. तरी मुंबईपासून दूर समुद्रातल्या तेलक्षेत्रात कामगारांनी भरलेली 'पी-३०५' नावाची बार्ज वादळात सापडली, तिचे नांगर तुटले, ती वाहत गेली आणि १७ मे रोजी बुडाली. तिच्यावर २६१ माणसे होती. नौदलाने आणि तटरक्षक दलाने शर्थ करून बहुतेकांना वाचवले. तरी सुमारे सत्तर माणसे परत आली नाहीत. दोष कोणाचा, ह्याचा निवाडा येथे करण्याचा मला अधिकार नाही. मी एवढेच विचारतो : अशा बार्जवरचा एखादा वेल्डर किंवा आचारी, 'हा इशारा ऐकून मी येथे थांबू इच्छित नाही' असे म्हणाला, तर त्याचे म्हणणे ऐकून घेणारी जागा कोठे असते? १९८१ साली आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने आपल्या १५५ क्रमांकाच्या करारात लिहून ठेवले, की जिवाला तत्काळ व गंभीर धोका आहे असे वाजवी कारणाने वाटून जो कामगार काम सोडून बाजूला होईल त्याला त्याबद्दल त्रास होता कामा नये. कागदावरच्या त्या ओळीपासून बार्जवरच्या माणसापर्यंत अंतर फार आहे.

आमच्या होडीपुरते आम्ही ते अंतर मिटवले आहे. नियम असा : किनाऱ्यावर असताना सहांपैकी कोणाही एकाने 'नको' म्हटले की जायचे नाही. मतदान नाही, कारण विचारणे नाही. आयुष्यभर बहुमताने ठराव करीत आलेला मी, मला हे प्रथम जड गेले. पण बहुमत हे वाटणीच्या प्रश्नांना लागते. चौघांच्या बहुमताने पाचव्याचा जीव पणाला लावण्याचा अधिकार कोणत्याही सभेला नाही. पाण्यात गेल्यावर मात्र उलट. तेथे एकच तांडेल, त्याचाच शब्द. भर समुद्रात चर्चा करणारी होडी खडकावर जाते. म्हणून प्रत्येक टप्प्याला मागे फिरण्याची जागा आणि वेळ आधीच लिहून ठेवतो. अमुक टोकाशी अमुक वाजेपर्यंत पोचलो नाही, तर तांडेलाने विचार न करता माघारी वळायचे. विचार आदल्या रात्री कंदिलाच्या उजेडात झालेला असतो.

आपण म्हणाल, अशाने भित्र्या माणसाच्या हाती सगळा कारभार जाईल. एक प्रसंग सांगतो. जयगडहून रत्नागिरीला जायचे होते. १८ मैल, हवामानाचे पत्रक बरे, होडी ठीक. आमच्यातला सर्वांत लहान, बावीस वर्षांचा मुलगा म्हणाला, 'काका, मला आज बरोबर वाटत नाही. आज नको.' मी म्हटले, 'बरं, नको तर नको.' दुसऱ्या दिवशीही तो तेच म्हणाला. दोन दिवस आम्ही खाडीत बसलो, जाळी विणणाऱ्यांशी गप्पा मारल्या, भात-आमटी खाल्ली. ह्या दोन दिवसांत वादळ आले नाही. वारा मध्यम होता. दुसऱ्या होड्या गेल्या आणि सुखरूप पोचल्या. म्हणजे त्या मुलाचा अंदाज खरा ठरला नाही. आणि त्यावर कोणी एक अक्षर बोलले नाही. चेष्टा केली नाही, घड्याळाकडे पाहिले नाही.

मला ह्या प्रसंगाचे महत्त्व ह्यातच वाटते. नकार खरा ठरला तरच त्याला मान द्यायचा असेल, तर नकाराचा हक्क नावाची वस्तूच उरत नाही. माणूस पुढच्या वेळी गप्प बसेल, आणि एखादे वेळी नेमके त्याच्याच डोळ्याला काहीतरी दिसलेले असेल. त्याच मुलाने पुढच्या हंगामात, तपासणीच्या वेळी, सुकाणूच्या बिजागरीशी एक बारीक चीर दाखवली. आम्हा पाचजणांच्या नजरेतून ती सुटली होती. बिजागरी काढली तर तिचा दांडा आतून अर्धा झिजलेला. पहिल्या वेळी त्याला हसलो असतो, तर दुसऱ्या वेळी त्याने तोंड उघडले असते की नाही, मला शंका आहे.

जुनी होडी ठेवणे म्हणजे काय, ह्याचे माझे उत्तर एवढेच आहे. बसका आवाज ऐकून घ्यायचा. तो फळीचा असो, खिळ्याचा असो, किंवा सहातल्या सर्वांत धाकट्याचा असो. हे करायला फार पैसा लागत नाही, फार शिक्षणही लागत नाही. ऐकल्यावर सही करून उजवे पान भरावे लागते, हे मात्र खरे.

हा वसंताचा शेवट आहे. किनाऱ्यावर आता होड्या वर ओढल्या जात असतील, झाप विणले जात असतील. आपल्यापैकी कोणी सुटीत तिकडे गेलात तर एखाद्या जुन्या होडीपाशी थोडा वेळ उभे राहा, आणि तिच्या तांडेलाला एकच प्रश्न विचारा : ह्या वर्षी आपण कोणकोणत्या दिवशी गेला नाहीत? गेलेल्या दिवसांच्या गोष्टी सगळेच सांगतात. न गेलेल्या दिवसांचा हिशेब जो सांगेल, त्याच्या होडीत बसायला हरकत नाही.